बंदुकीवरचा दिवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा मजकूर)

बेळगावहून लोंढ्याकडे जाणारी आगगाडी खानापूर सोडून पुढे निघाली म्हणजे दोन्ही बाजूंची झाडी दाट होत जाते, आणि मग गुंजीचे लहानसे स्टेशन लागते. हे माझे गाव. गावाभोवती भाताची खाचरे आणि खाचरांपलीकडे रान, अशी इथली रचना आहे. भात पोटरीला आले की रान गावाच्या दिशेने सरकू लागते, असे आमच्याकडची वडीलधारी मंडळी म्हणत. डुकरे येतात, गवे येतात, सांबरे येतात. मग घराघरातून एकेक माणूस घोंगडी आणि बॅटरी घेऊन माळ्यावर राखणीला जातो. वर्षाची भाकरी त्या चार-सहा आठवड्यांच्या जागरणावर अवलंबून असते. ज्याचे उभे पीक एका रात्रीत तुडवून गेले त्याचे दुःख शहरात बसून समजणार नाही. म्हणून आज मी जे बोलणार आहे ते राखण करणाऱ्याला दोष देण्यासाठी नव्हे, हे प्रथमच सांगतो.

आजचा विषय आहे बंदुकीला जोडावयाचे दिवे आणि तशीच इतर उपकरणे. मनगटाएवढ्या विजेऱ्या, लाल किंवा हिरवा ठिपका टाकणारे लेसर, दुर्बिणी, हे सर्व आता तरुणांच्या बोलण्यात येऊ लागले आहे. दिवा बंदुकीवर बसविला की नेम आपोआप साधतो आणि रात्रीचा दिवस होतो, अशी एक समजूत आहे. ती कितपत खरी आहे हे पाहू.

गोष्ट १९६८ सालची आहे. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. माझ्या थोरल्या काकांकडे पीकसंरक्षणासाठी परवाना असलेली ठासणीची एकनळी बंदूक होती. त्या वर्षी त्यांनी तीन सेलांची एक बॅटरी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी नळीखाली घट्ट बांधली. दोन्ही हात बंदुकीला मोकळे राहतात, याचे त्यांना मोठे कौतुक वाटत होते. एका रात्री बांधाकडून भात मोडल्याचा आवाज आला. काकांनी बंदूक खांद्याला लावली, बॅटरीचे बटण दाबले, आणि उजेडाच्या टोकाला दोन हिरवट डोळे चमकले. घोडा चढलेला होता, बोट चापावर होते. तेवढ्यात त्या डोळ्यांच्या मागून कुणीतरी खोकले. ती शेजाऱ्यांची दावे तोडून आलेली कालवड होती, आणि तिच्या मागोमाग तिला शोधीत आलेला त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याच्याजवळ दिवा नव्हता.

काकांनी घोडा हलकेच खाली उतरविला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनी ट्यूबच्या पट्ट्या कापून बॅटरी सोडविली आणि ती माझ्या हातात दिली. “आजपासून उजेड तू दाखवायचास. मी आधी बघणार, बंदूक मागनं,” एवढेच ते म्हणाले. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी मला त्या वाक्यातले शास्त्र समजले.

प्रथम डोळ्यांचे पाहू. गाय, म्हैस, कुत्रा, मांजर, हरीण, सांबर, बिबट्या यांच्या डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. डोळ्यात शिरलेला प्रकाश त्यावरून परत फिरतो आणि अंधुक उजेडातही त्या प्राण्याला दिसते. विजेरीचा झोत पडला की हाच थर चमकतो. मनुष्याच्या डोळ्यात हा थर नाही. आणि श्रोतेहो, डुकराच्या डोळ्यातही तो नाही. ज्या प्राण्याच्या भयाने आपण माळ्यावर बसतो त्याचेच डोळे गाईच्या डोळ्यांसारखे लखलखत नाहीत. चमकलेच तर अगदी मंद. म्हणजे उजेडात जे दोन दिवे पेटलेले दिसतात ते बहुधा डुकराचे नसतात. ते आपल्याच कालवडीचे, शेजाऱ्याच्या कुत्र्याचे, किंवा ज्याला मारण्यास कायद्याने सक्त मनाई आहे अशा एखाद्या वन्य प्राण्याचे असतात. डोळे चमकले म्हणून बार काढणारा मनुष्य चुकण्याचीच शक्यता अधिक.

आता आपल्या स्वतःच्या डोळ्यांचे पाहा. अंधारात बसल्यावर मनुष्याची दृष्टी हळूहळू अंधाराला सरावते. ती पूर्णपणे सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो, परंतु ती बिघडण्यास एक क्षण पुरतो. प्रखर दिवा पेटविला की झोतात जेवढे येते तेवढेच दिसते आणि आजूबाजूचा सगळा मुलूख दुप्पट काळा होतो. कालवडीमागचा मुलगा काकांना दिसला नाही तो याच कारणाने. त्यातून आमच्या खानापूर भागात कार्तिक-मार्गशीर्षात पहाटे धुके उतरते. धुक्यात झोत पुढे जाण्याऐवजी पांढरी भिंत होऊन उभा राहतो. ठासणीच्या बंदुकीचे तर विचारूच नका. काळ्या दारूचा एक बार काढला की धुराचा पडदा त्या उजेडात असा उजळतो की गोळी कुठे लागली, जनावर पडले की अंगावर येत आहे, यांपैकी काहीच कळत नाही.

परंतु बंदुकीवर बांधलेल्या दिव्याचा खरा दोष याहून मोठा आहे. दिवा हातात असला तर मनुष्य तो शोधण्यासाठी फिरवितो. दिवा नळीवर असला तर शोधण्यासाठी नळीच फिरवावी लागते. ज्या वस्तूकडे पाहावयाचे तिच्यावर आधी बंदूक रोखायची, आणि मग ती काय आहे हे ठरवायचे, असा उलटा क्रम होतो. भरलेल्या बंदुकीचे तोंड जे नष्ट करावयाचे नाही त्याच्याकडे कधीही वळवू नये, हा बंदूक बाळगणाराचा पहिला धडा आहे. नळीवरचा दिवा तो धडा दर रात्री दहा वेळा मोडावयास लावतो.

मग असे दिवे निघाले कशासाठी, असे कुणी विचारील. विजेरी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस निघाली, आणि थोड्याच वर्षांत शिकाऱ्यांनी ती रायफलीला जोडली. जिम कॉर्बेट यांनी १९२६ साली गढवालमधील रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या अशाच दिव्याच्या साह्याने मारला. त्या बिबट्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे खाल्ली होती. आपल्याकडील अनेकांना त्या हकीकतीतील दिवा आठवतो, पण दिव्याचे पुढे काय झाले ते आठवत नाही. कॉर्बेट यांनी बटण दाबले तेव्हा दिवा क्षणभर लकाकला आणि विझून गेला. ती विजेरी कित्येक महिने त्यांच्याजवळ होती, पण तिच्या बॅटरीचे आयुष्य किती याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांचे काम झाले ते पूर्वतयारीमुळे. कित्येक रात्री ते त्याच आंब्याच्या झाडावर बसले होते, खाली बांधलेल्या बकरीच्या गळ्यात घंटा होती, आणि त्या घंटेच्या आवाजावरून खाली काय घडले हे त्यांनी उजेडाच्या आधीच ओळखले होते. क्षणभराच्या प्रकाशाने फक्त खात्री पटविली.

पुढे पोलिसांनी आणि सैन्यानेही शस्त्रांवर दिवे बसविले. अंधाऱ्या घरात शिरताना समोरचा मनुष्य शत्रू आहे की ओलीस धरलेला निरपराध, हे निमिषात ठरवावे लागते; तिथे दिव्याचे काम मारण्याइतकेच न मारण्याचेही असते. बेळगावच्या छावणीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. त्यातील ‘लाइट’ म्हणजे दिवा नव्हे, चपळ हलके पायदळ, हे आपण जाणताच. पण तेथील जवानाला विचारून पाहा. तो सांगेल की उपकरण हाती येण्याआधी शिस्त अंगी बाणवावी लागते. राखणीचा शेतकरी एकटा असतो, दिवसभर राबलेला असतो, अर्धवट झोपेत असतो. जवानाचे उपकरण त्याच्या हाती दिल्याने तो जवान होत नाही.

लेसरचीही गत निराळी नाही. लेसरचा शोध १९६० सालचा. प्रथम शस्त्रांवर आले ते वायूने भरलेल्या नळीचे अवजड लेसर. त्यांना पेटण्यास हजारो व्होल्टांचा दाब लागे. आता तेच काम पेन्सिलीएवढ्या वस्तूत होते. पण प्रकाश सरळ रेषेत जातो आणि गोळी जात नाही, हा निसर्गाचा नियम त्यामुळे बदललेला नाही. सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटलेली गोळी ४० मीटरवर पोहोचावयास सेकंदाचा दहावा भाग घेते, आणि तेवढ्यात ती सुमारे ५ सेंटिमीटर खाली येते. पुढे हे खाली येणे फार झपाट्याने वाढत जाते. शिवाय लेसर नळीच्या वर किंवा बाजूस दोन बोटे असतो. म्हणून ठिपका आणि गोळी एखाद्याच ठरावीक अंतरावर एकत्र येतात. छर्‍यांच्या बंदुकीत तर ठिपका एक आणि छर्रे शेकडो. साध्या नळीच्या बारा बोअरच्या बंदुकीतून ४० गजांवर गेलेल्या छर्‍यांपैकी ३० इंच व्यासाच्या वर्तुळात शंभरातले सुमारे ४० पडतात. उरलेले ६० त्या वर्तुळाबाहेर कुणाच्या अंगणात जातील, हे तो लाल ठिपका सांगत नाही. नळी कुठे रोखली आहे एवढेच तो सांगतो. समोर कोण आहे, त्याच्या मागे कोण आहे, हे त्याला ठाऊक नसते.

आता कायद्याविषयी थोडे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. शेतकऱ्याची गरज कायदा करणारांनी ओळखली होती. त्याच कायद्याने बाराचा आवाज किंवा ज्वाला दडविणारे उपकरण हेच मुळी ‘अग्निशस्त्र’ मानले आहे. म्हणजे बंदुकीचा परवाना असला तरी तसली नळी विनापरवाना जवळ बाळगणे हा स्वतंत्र गुन्हा होतो. तेव्हा बंदुकीला कोणतीही वस्तू जोडण्यापूर्वी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या मूळ रूपात, परवाना घेऊन शिकार करणारालाही कृत्रिम उजेडाचा उपयोग करण्यास आणि सूर्यास्तानंतर शिकार करण्यास मनाई होती. भक्ष्यावर येणाऱ्या हिंस्र श्वापदापुरता अपवाद, तोही खास परवानगीने. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे ते परवानेच संपले. आज उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या काही प्राण्यांविरुद्ध इलाज करावयाचा तर वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी आज्ञा लागते. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने भात खाल्ले एवढ्या कारणाने त्याला मारता येत नाही, आणि मारल्यास ३ ते ७ वर्षांची कैद आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आमच्याच तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यातून भीमगडच्या रानात आणून सोडलेल्या वाघाने एका स्त्रीचा जीव घेतला, तेव्हा लोकांचा क्षोभ अनावर झाला होता. तरीही तो वाघ मारला तो सरकारी पथकाने. एवढ्या भयाच्या प्रसंगीही गोळीचा निर्णय एकट्या संतप्त मनुष्याच्या बोटावर सोपवू नये, हे त्यातले तत्त्व आहे.

मग राखण करणाऱ्याने करावे तरी काय? दिवा अवश्य वापरावा. तो माणसाचा मोठा मित्र आहे. पण तो हातात ठेवावा, किंवा सोबत्याच्या हाती द्यावा. राखणीला शक्यतो दोघांनी जावे. शेजारच्या माळ्यावर आज कोण बसणार हे दिवस मावळण्यापूर्वी एकमेकांना सांगावे, आणि रात्री बांधावरून येणाऱ्याने लांबूनच हाक देत यावे. डबा वाजवावा, आरोळी ठोकावी, शेकोटी करावी. उजेड आणि आवाज एकत्र आले की पुष्कळशी जनावरे मागे फिरतात. नुकसान झाल्यास पंचनामा करवून भरपाईचा अर्ज द्यावा. भरपाई उशिरा मिळते आणि अपुरी मिळते, ही तक्रार मी जाणतो आणि ती रास्त आहे. पण तिच्यासाठी भांडावे ते दिवसाउजेडी, सर्वांनी मिळून.

त्या कालवडीमागे उभा असलेला मुलगा आज नातवंडांचा धनी आहे. अजूनही गुंजीला गेलो की त्याची भेट होते. त्या रात्री आपल्यावर बंदूक रोखलेली होती हे त्याला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. झोत डोळ्यांवर आल्यामुळे त्याला दिव्यामागचे काहीच दिसले नव्हते. काकांनी हातारपणी त्याला घरी बोलावून स्वतःच ते सांगितले आणि त्याचे हात धरले. तो हसून म्हणाला, “अहो काका, मला वाटलं तुम्ही मला वाट दाखवताय.”

श्रोतेहो, अंधारातून येणाऱ्याला दुरून दिवा दिसला की तो याच विश्वासाने त्याच्याकडे चालत येतो. त्याच्या त्या विश्वासाला आपल्या हातून तडा न जावा, एवढीच माझी विनंती आहे.