तालीम : आखाड्यातली आणि शाळेतली

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून आज मी एका पहिलवानाची हकीकत सांगणार आहे. कोणी म्हणेल, शाळेत कुस्तीचे काय काम? पण उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत तालीम म्हणजे पहिलवान घडवण्याची जागा. मूळ अरबी शब्द एकच. ‘उस्ताद’ हा शब्दही मराठीत येऊन ‘वस्ताद’ झाला. ही सोयरीक भाषेने फार पूर्वीच जुळवून ठेवली आहे.

आपल्या कणकवलीहून फोंडा घाट चढून गेले की दाजीपूर, राधानगरी आणि पुढे कोल्हापूर लागते. या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था काढून त्यांच्या वसतिगृहाची सोय केली. कुस्तीसाठी खासबागेचे मैदान बांधले तेही त्यांनीच. मुलांच्या डोक्यात विद्या आणि अंगात बळ, दोन्ही हवे, हे त्या राजाने ओळखले होते.

त्याच कोल्हापुरात १९५० च्या सुमारास शिराळा तालुक्यातील पुनवत गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा आला आणि मोतीबाग तालमीत राहिला. त्याचे नाव गणपतराव आंदळकर. पहाटे उठायचे, जोर-बैठका मारायच्या, आखाड्याची माती उकरायची आणि लढत करायची, हा तालमीचा रोजचा अभ्यासक्रम. त्याला सुट्टी नसते. या मेहनतीवर आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले.

पुढची गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ऐकावी. मातीत समोरच्याला चीत केले की कुस्ती संपते. मॅटवर मात्र वेळ बांधलेली असते आणि गुण मोजले जातात. तिथे दोन प्रकार. फ्रीस्टाइलमध्ये पायाला धरता येते, त्यामुळे ती आपल्या कुस्तीला जवळची. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायलाही बंदी. मातीतल्या पहिलवानाचे निम्मे डाव तिथे निकामी होतात. तरीही १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, सर्वांत जड वजनगटात, आंदळकरांनी फ्रीस्टाइलमध्ये रौप्यपदक आणि या परक्या ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्णपदक मिळवले. हिंदकेसरी झालेला माणूस पुन्हा नवशिक्यासारखा शिकायला बसला, हे मला त्या पदकाहून मोठे वाटते. १९६४ साली ते टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले आणि त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

एवढे नाव झाल्यावर माणूस सत्कार घेत आयुष्य काढू शकतो. आंदळकर मोतीबागेत वस्ताद म्हणून उभे राहिले. पहिलवानाला टाळ्या मिळतात, वस्तादाला जागरण मिळते. कोणाचा दम कमी पडतो, कोणाचा डावा पाय कच्चा आहे, कोण घरच्या काळजीने खंगला आहे, हे सारे त्यालाच पाहावे लागते.

राधानगरी तालुक्यातून आलेले दादू चौगुले हे त्यांचे शिष्य. चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७४ साली न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी फ्रीस्टाइलचे रौप्यपदक मिळवले. पुढे तेही वस्ताद झाले. त्यांचे चिरंजीव विनोद २००० साली महाराष्ट्र केसरी झाले. आंदळकर २०१८ मध्ये आणि चौगुले २०१९ मध्ये आपल्यातून गेले. पण दिव्याने दिवा लागला, तो विझला नाही.

आपल्याकडे म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. कुस्तीत ते गमतीने म्हणावे. शिक्षणात राखून ठेवलेला डाव मातीत जातो; तो ना गुरूच्या उपयोगी, ना शिष्याच्या.

पालकहो, आपल्या सिंधुदुर्गातली किती मुले शिकून मुंबईला गेली, परदेशी गेली! कोणी डॉक्टर झाले, कोणी इंजिनिअर, कोणी बोटीवर अधिकारी. त्यांच्या यशाचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यांच्यापैकी कितीजण गावी आल्यावर शाळेत येऊन एखाद्या मुलाला तासभर गणित शिकवतात? देणगीची पावती फाडणे सोपे, मुलाजवळ बसणे अवघड. शाळेला इमारत लागते, तसे वस्तादही लागतात. दहावीला नापास झाल्यावर घरी बसलेला मुलगा मंद असतोच असे नाही. पुष्कळदा त्याचा कच्चा पाय कोणी पाहिलेलाच नसतो.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, खूप शिका, मैदान मारा. आणि मैदान मारल्यावर एकदा तरी तालमीत परत या. तिथे कोणीतरी लहान मुलगा लंगोट कसून उभा असेल. त्याला एक डाव शिकवा, आणि तो राखून ठेवू नका.