अकरा-ए ची मागणी
(वसंत व्याख्यानमाला, गोदाघाट, नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटात एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ गेले, जमिनीवरचे १९ गेले. जो एकटा वाचला तो ११-ए या सीटवर, आपत्कालीन दरवाजाशेजारी बसला होता. त्यानंतर ट्रॅव्हल एजंटांकडे ११-ए साठी विचारणा सुरू झाली. जास्तीचे पैसे मोजायची तयारीही लोकांनी दाखवली. त्यातच थायलंडचा गायक रुआंगसाक लोयचुसाक पुढे आला. १९९८ च्या सुरत थानी इथल्या अपघातातून तो वाचला होता, आणि त्याने सांगितले की आपणही ११-ए वरच होतो. झाले, आकड्याला दैवी तेज चढले. पण सुरत थानीच्या त्या अपघातातून आणखी ४४ माणसे वाचली होती, आणि ती काही ११-ए वर बसलेली नव्हती. हे सांगायचे मात्र बहुतेकांच्या ध्यानात आले नाही.

जिवाची काळजी म्हणून विमानातली सीट निवडावी का, हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. त्यामागची भीती खरी आहे. नाशकातल्या कितीतरी घरांतली मुले आज परदेशी आहेत, आणि आईवडील वर्षाआड त्यांच्याकडे जाऊन येतात. वेब चेक-इन करताना पडद्यावर विमानाचा नकाशा उघडतो, प्रत्येक सीटवर किंमत लिहिलेली असते, आणि मनात येते की निवडायचीच आहे तर सुरक्षित निवडू. माझे म्हणणे असे की ही निवड आपल्याला वाटते तशी निवडच नाही. सुरक्षित सीट कोणती हे अपघाताच्या जातीवर ठरते, आणि ती जात तिकीट काढताना कोणालाच माहीत नसते.

दाखले पाहा. २९ डिसेंबर २०२४ ला दक्षिण कोरियात मुआन विमानतळावर जेजू एअरचे विमान धावपट्टीपलीकडच्या बांधावर आदळले. १८१ पैकी दोघे वाचले, दोघेही शेपटाकडे बसलेले कर्मचारी. १९८५ मध्ये जपान एअरलाइन्सच्या विमानातले ५२० जण गेले. वाचलेल्या चौघी मागच्याच ओळींतल्या. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान पावसात धावपट्टी सोडून खाली घसरले आणि मोडले. १९० पैकी २१ जण गेले, त्यात आपले नागपूरचे कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिक, म्हणजे विमानाच्या अगदी पुढच्या टोकाला बसलेले दोघेही होते. एवढ्यावर थांबलो तर कोणीही म्हणेल, मागे बसा. पण त्याच १९८५ साली मँचेस्टरच्या धावपट्टीवर ब्रिटिश एअरटूर्सच्या विमानाला आग लागली. विमान उडालेच नव्हते, तरी ५५ जण प्रामुख्याने धुराने गेले, आणि त्यांतले बहुतेक मागच्या भागातले होते, कारण आग तिकडे होती. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना कंपनीच्या विमानाचे शेपूट समुद्राच्या बांधाला लागून तुटले. ३०७ पैकी तिघींचा मृत्यू झाला, तिघीही शेवटच्या ओळींत होत्या. आणि १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला युनायटेडचे विमान फुटले तेव्हा २९६ पैकी १८४ जण वाचले, त्यांतले पुष्कळसे मधल्या भागातले. नाक आपटले तर मागचे वाचतात, शेपूट आपटले तर पुढचे, आग लागली तर दाराजवळचे. आता सांगा, नकाशावर बोट कुठे ठेवणार?

यावर अभ्यासू माणूस म्हणेल, सुटे दाखले सोडा, सरासरी सांगा. सरासरी आहे. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकी मासिकाने २००७ मध्ये १९७१ नंतरच्या २० अपघातांचा हिशेब मांडला. मागच्या भागातले ६९ टक्के लोक वाचलेले आढळले, अगदी पुढचे ४९ टक्के. ‘टाइम’ साप्ताहिकाने २०१५ मध्ये १७ अपघात तपासले. त्यांना मागच्या भागातल्या मधल्या सीटवर मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी, २८ टक्के मिळाले आणि विमानाच्या मधल्या भागात चालण्याच्या वाटेलगतच्या सीटवर सर्वांत जास्त, ४४ टक्के. आता तिसरा अभ्यास घ्या. ग्रीनिच विद्यापीठाचे एड गॅलिया यांनी १०५ अपघात आणि जवळपास दोन हजार वाचलेल्यांच्या हकिगती तपासल्या. त्यांच्या मते वाटेलगतची सीट खिडकीपेक्षा थोडी बरी, आणि आगीच्या प्रसंगी पुढचा भाग मागच्यापेक्षा बरा. एकाने वाईट ठरवलेली वाट दुसऱ्याने बरी ठरवली. यात कोणी लबाडी केलेली नाही. पहिले दोन अभ्यास मुळात अशाच अपघातांवर उभे आहेत ज्यांत काही जण गेले आणि काही वाचले. सगळेच वाचले किंवा सगळेच गेले, असे अपघात त्यांत येतच नाहीत. उरलेल्या सतरा-वीस प्रसंगांतून, तेही जुन्या-नव्या, लहान-मोठ्या विमानांची भेळ करून काढलेली टक्केवारी आपल्या उद्याच्या प्रवासाला लावायची, हे गणिताला धरून नाही.

तरीही कोणी म्हणेल, मागची सीट फुकट मिळत असेल तर घ्यायला काय हरकत आहे? काही हरकत नाही, खुशाल घ्या. मात्र मागे हिंदकळणे जास्त जाणवते आणि उतरायला उशीर होतो, एवढे लक्षात ठेवा. माझी हरकत भीतीपोटी पैसे मोजण्याला आहे, आणि त्याहून जास्त आपत्कालीन दरवाजाजवळच्या ओळीच्या हट्टाला. ती ओळ बक्षीस म्हणून नसते. तिथे बसणाऱ्याला जड दार उघडता आले पाहिजे, कर्मचाऱ्यांनी ओरडून दिलेली सूचना कळली पाहिजे, मागच्या शंभर माणसांना वाट करून दिली पाहिजे. जिवाच्या भीतीने सत्तरीच्या आजोबांसाठी हट्टाने ती सीट मागणारा मुलगा इतरांचा धोका वाढवतो, आणि आजोबांचाही. शिवाय ११-ए हा आकडा प्रत्येक विमानात वेगळ्या ठिकाणी येतो. अनेक विमानांत त्याच्याजवळ दार नसतेच. अहमदाबादलासुद्धा त्याच ओळीत बसलेले बाकीचे प्रवासी वाचले नाहीत.

मग सगळे नशिबावर सोडायचे का? हा आक्षेप मला आधीच्या दोन्हींपेक्षा गंभीर वाटतो, कारण आपल्याकडे तो फार लवकर ओठावर येतो. उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे. अमेरिकेत १९८३ ते २००० या काळात अपघातात सापडलेल्या विमानांतल्या माणसांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वाचली, असे तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मोजले आहे. म्हणजे अपघात झाला की सगळे संपते, ही समजूतच चुकीची. निम्मी दारे बंद असतानाही ९० सेकंदांत विमान रिकामे करून दाखवल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान पेटले. आठांपैकी तीनच दारे वापरता आली, तरी ३७९ च्या ३७९ जण बाहेर पडले, आणि जवळजवळ सगळ्यांनी सामान आतच सोडले होते. त्याउलट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेले एमिरेट्सचे विमान धावपट्टीवर घसरून पेटले, तेव्हा आपले प्रवासी वरच्या कप्प्यांतून बॅगा काढत होते. सुदैवाने तीनशेही जण वाचले; पण नंतरच्या स्फोटात अग्निशमन दलाच्या जवानाचा जीव गेला. सीट कुठलीही असो, कमरेचा पट्टा, पुढचे-मागचे दार किती ओळींवर आहे याची मोजणी, आणि बॅग सोडून देण्याची तयारी, या गोष्टी प्रत्येक जातीच्या अपघातात उपयोगी पडतात. गॅलियांच्या अभ्यासातही खरा फरक पडला तो दारापासूनच्या अंतराने: पाच ओळींच्या आत असलात तर बरे. पण ते दार उघडेल की नाही, हे आधी ठाऊक नसते. म्हणून दोन दारे हेरून ठेवायची.

पैसे मोजून सुरक्षितता वाढवणारी एक सीट मात्र आहे, आणि ती फारसे कोणी घेत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाची. मांडीवरचे मूल धक्क्यात हातांत राहत नाही. सू सिटीच्या विमानात मांडीवरची चार मुले होती, त्यांतले एक गेले. तरीही अमेरिकेच्या विमान प्रशासनाने बाळाला वेगळी सीट सक्तीची केली नाही. त्यांचे कारण ऐकण्यासारखे आहे: तिकीट महागले तर कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावर जास्त मुले मरतील.

इथे आपण आपल्या दारात येतो. एमआयटीचे अर्नोल्ड बार्नेट यांच्या हिशेबाने २०१८ ते २०२२ या काळात जगभरात दर १ कोटी ३७ लाख प्रवासी-फेऱ्यांमागे (प्रवासी विमानात चढला की एक फेरी) एका प्रवाशाचा जीव गेला. एकट्या २०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरच्या पहाटे आपल्याच औरंगाबाद रस्त्यावर बस पेटून १२ जण गेले. त्याआधी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागे, पट्टा न लावता बसलेले दोघे गेले. नाशिकहून परदेशी जाणारा माणूस बहुधा आधी मुंबईचा विमानतळ गाठतो, कसारा घाटाने किंवा आता इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने. त्याच्या सगळ्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा भाग तोच, आणि त्या भागात कुठे व कसे बसायचे हे खरोखरच त्याच्या हातात असते. मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे. पुढच्या वेळी विमानतळाकडे निघताना ड्रायव्हरला आधी विचारा, मागचे पट्टे सीटखाली दाबले गेले आहेत का, आणि ते बाहेर काढून लावल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.