गाठ लागली, आता कुठे जायचं?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आजचा दिवस आनंदाचा. तरी दोन मिनिटं कामाचं बोलतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या हिच्या स्तनात गाठ हाताला लागली. जवळच्या खासगी रुग्णालयात म्हणाले, "उद्याच ॲडमिट व्हा, काढून टाकू." मी पैसे भरायला निघालो, तर बी विंगमधल्या निवृत्त सिस्टरनी जिन्यातच अडवलं. "आधी सुईनं तुकडा घेऊन तपासा. काढायचं नंतर बघू."

मॅमोग्राफी, बायॉप्सी खासगीतच केली. आठवड्यात रिपोर्ट आला. कॅन्सर होता. स्लाइड आणि ब्लॉक मागून घेतले आणि परळचं टाटा मेमोरियल गाठलं. १९४१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय आज केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे जनरल आणि प्रायव्हेट, दोन्ही फाइली निघतात. आम्ही जनरल काढली. रांगा मोठ्या, पहाटेची लोकल पकडावी लागे. पण सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर मिळून उपचार ठरवतात. हिला आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलं. गाठ आधीच कापली असती, तर तो मार्गच उरला नसता.

म्हणून सांगतो, खासगी की सरकारी यावर अडून बसू नका. तपासणी लवकर होईल तिथे करा. उपचार मात्र कॅन्सर हेच ज्यांचं रोजचं काम, तिथे ठरवा. आणि लपवू नका, शेजारी सांगा. ही आज पहिल्या रांगेत बसली आहे, ती जिन्यातल्या त्या दोन वाक्यांमुळे.