आवार हिरवं ठेवायचं म्हणजे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू आयुष्यभर कॉलेजांच्या बागा सांभाळल्यास, त्याबद्दल दहा मिनिटं बोल." भूमितीत मी काठावर पास झालो होतो, हे समोर बसलेल्या सरांना आठवत असेल. त्याच मुलाने पुढे पंचवीस वर्षं लोकांच्या आवारांचे नकाशे काढले. सर, हा दोष तुमचा नाही.

आपण चौकची माणसं. सरनौबत नेताजी पालकरांचं गाव म्हणून आपण अभिमानाने सांगतो. शाळेच्या व्हरांड्यात उभं राहिलं की इर्शाळ दिसतो, मागे माथेरानचा डोंगर. पावसाळ्यात चार महिने छत्री वाळत नाही, आणि मार्च उजाडला की हंडे निघतात. माझ्या धंद्यातली निम्मी अडचण याच एका वाक्यात आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एका गुंठ्याच्या छपरावर तो साठवला तर तीन लाख लिटर पाणी होतं. पण तो पडतो चार महिन्यांत, आणि बाग जगवायची असते बारा महिने.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पनवेलपासून खोपोली-कर्जतपर्यंत इंजिनिअरिंगची, फार्मसीची, आर्किटेक्चरची कॉलेजं उभी राहिली. जागा कुठली मिळाली? भाताची खाचरं, नाहीतर डोंगराचा उतार. खाचरात चार-पाच फूट मुरूम टाकून, रोलर फिरवून जमीन सपाट करतात. इमारतीला ते ठीक आहे, पण झाडाला ती जमीन म्हणजे तवा. वर मुरूम दगडासारखा घट्ट, खाली खाचराची चिकण माती. पावसात मुळं पाण्यात कुजतात, मेमध्ये भाजतात. उतार कापला तर वेगळी गोष्ट. पूर्वी ओहोळ जिथून वाहायचा तिथे पार्किंग होतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात ओहोळ आपली जुनी वाट शोधत पार्किंगमध्ये येतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर जे कोसळलं, ते आपण सगळ्यांनी जवळून पाहिलं आहे. डोंगर आणि पाणी यांना गृहीत धरू नये, हे आपल्या तालुक्यात तरी कुणाला वेगळं सांगायला नको. म्हणून आवाराचा नकाशा काढताना मी पहिला प्रश्न विचारतो, "पाणी कुठून येतं आणि कुठे जातं?" झाडं, बाकं, कारंजी हे सगळं त्यानंतर.

पण संस्थाचालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा असतो, "लॉन कुठे करायची?" आता हिशेब सांगतो. एक एकर हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं, तरी वीस हजार लिटर होतात. दहा हजारांचे दोन टँकर, रोज. आपल्या शेजारच्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि इकडच्या वाड्यांवरच्या बाया एप्रिलमध्ये डोक्यावर हंडे घेऊन चालतात. त्यांच्यासमोर टँकरने गवत भिजवायला मला तरी लाज वाटायची. आणि त्या लॉनवर पाटी काय? "हिरवळीवर चालू नये."

चालण्यावरून आठवलं. आम्ही नकाशावर सुंदर काटकोनातल्या पायवाटा आखायचो. मुलं गेटपासून कँटीनपर्यंत तिरकी जायची. मग आम्ही तार लावायचो आणि मुलं ती वाकवायची. तीन वर्षं हे भांडण चाललं. शेवटी एका पावसाळ्यानंतर गवत कुठे मेलंय ते पाहिलं आणि तिथेच फरशी टाकली. भांडण मिटलं. भूमितीत सर सांगायचे, त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असतात. मुलांना ते पाठ होतं, मीच विसरलो होतो.

झाडांच्या निवडीत आम्ही सगळ्यांनीच चुका केल्या. भरभर वाढतं, लवकर फोटो येतो, म्हणून गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ लावले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसतो देखणा, पण मुळं वरवरची आणि लाकूड ठिसूळ. मुंबईत रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने वाळले, ते आपण वाचलं असेल. एकाच जातीच्या रांगा लावल्या की एक कीड रांगच्या रांग नेते. कोनोकार्पस नावाच्या झाडाची तर इतकी टूम निघाली की शेवटी २०२३ साली गुजरात सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. आपल्या रानातला बहावा, करंज, कुसुम, कांचन, आपलं राज्यफूल असलेला तामण, ही झाडं इथला पाऊस आणि इथला उन्हाळा दोन्ही ओळखतात. त्यांची वाढ सावकाश होते, एवढंच.

आता देखभालीकडे येतो. इमारतीच्या अंदाजपत्रकात बागेचा आकडा असतो, पण तो लावण्याचा. सांभाळण्याचा नसतो. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून आपण जुलैत झाडं लावतो. पाहुणे येतात, फोटो निघतो. रोपाला खरी गरज लागते ती पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत, आणि मेमध्ये कॉलेजला सुट्टी असते. त्यात मोकाट गुरं, शेळ्या, आणि कुंपणापलीकडून येणारा वणवा. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवीन रोप, नवीन पाहुणे. नॅकची समिती येणार म्हटलं की भाड्याच्या कुंड्या यायच्या, आणि समितीची गाडी गेटबाहेर पडली की टेम्पो आत यायचा. याला मीही हातभार लावला आहे.

आज मुद्दाम सांगायची गोष्ट पुढेच आहे. ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

एका कॉलेजात मी उद्यान विभाग पाहत होतो. गेटजवळ गुलमोहरांची रांग होती. केबल टाकायला बुंध्यापासून दोन हातांवर चर खणला, मुळं तुटली. वरून बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. कामाच्या कागदावर माझी सही होती. आमच्याकडे ठाकूरवाडीवरचे एक माळीकाका होते, कंत्राटावर. ते म्हणाले, "सायेब, झाडाचं पाय तोडलं. आता ते उभं कशावर ऱ्हाईल?" मी म्हटलं, "काका, वरून हुकूम आहे." जुलैतल्या एका दुपारी झाड पडलं. खाली छत्री घेऊन उभ्या असलेल्या वॉचमनचा पाय मोडला. तो वाचला, पण पुढे लंगडतच चालला. मी अहवाल लिहिला, "अतिवृष्टी व वाऱ्यामुळे झाड उन्मळून पडले." त्याच रांगेतली, चर न गेलेली झाडं त्याच पावसात उभी होती. ते मी लिहिलं नाही. काकांचं म्हणणंही लिहिलं नाही.

पुढे कळलं की २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. म्हणजे काका जे म्हणत होते तेच. त्यानंतर मी बुंध्याजवळच्या कुठल्याही कामाच्या कागदावर माळ्याला विचारल्याशिवाय सही केली नाही.

चांगलं होऊच शकत नाही असं नाही. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ पाहा. १९६२ साली उघड्या माळावर सुरू झालं. आज तिथे गर्द झाडी आहे, आणि आवारातच तळी-विहिरींत पाऊस अडवून ते पाण्याच्या बाबतीत आपल्या पायावर उभं राहिलं. एका पावसाळ्यात हे झालेलं नाही. कुलगुरू बदलले, माळी बदलले, पण काम मोडलं नाही.

मित्रांनो, आता आपल्या शाळेबद्दल. आपल्या बॅचने शाळेला भेट म्हणून पटांगणात पेव्हर ब्लॉक आणि प्रवेशद्वाराजवळ लॉन करून द्यायचं ठरवलं आहे. वर्गणी जमली आहे. ज्यांनी धावपळ केली त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. तरी हात जोडून विनंती करतो, हा बेत बदला. ज्या चिंचेखाली बाईंनी आपल्याला पाढे म्हणायला लावले, तिच्या बुंध्याशी ब्लॉक जाणार आहेत. तिच्याभोवती मातीचा पार राहू द्या. लॉनऐवजी दहा-बारा देशी झाडं लावू, पण खड्डे मेमध्ये तीन फूट खोल खणून, आणि मुलांच्या संख्येइतकी नाही, तर जगवता येतील इतकीच. छपराचं पाणी एका टाकीत घेऊ. पालापाचोळा जाळायचा नाही, एका कोपऱ्यात खड्डा करून त्याचं खत करायचं. आणि उरलेले पैसे बँकेत ठेवून त्याच्या व्याजातून, कमी पडलं तर दरवर्षी थोडी वर्गणी काढून, एका माणसाला निदान तीन उन्हाळे पगार देऊ. शाळेत माळ्याचं पद नाही. शिपाईदादा घंटा वाजवतील, पाणी भरतील की झाडं जगवतील?

या भेटीवर आपल्या बॅचच्या नावाची संगमरवरी पाटी लागणार नाही, कारण पगाराला पाटी लावता येत नाही. पण पुढच्या मेळाव्याला आपण याल तेव्हा चिंच उभी असेल आणि तिच्याखाली कुणीतरी पाढे म्हणत असेल.

त्या माळीकाकांचं मी एकदा ऐकलं नाही. आज तुम्ही माझं ऐकावं, एवढंच मागणं आहे.