पंचायतीची मिळकत



एखाद्या शेतकऱ्याला विचारा, बाबा, तुझी जमीन किती? तो गुंठ्यापर्यंत हिशेब सांगेल. बांधावरची बाभळ कोणाची, यासाठी त्याने कोर्टाच्या पायऱ्याही झिजवल्या असतील. पण त्यालाच विचारा, तुमच्या पंचायतीच्या मालकीचे काय काय आहे? तो डोके खाजवील आणि म्हणेल, "ते भाऊसाहेबांना ठाऊक." ग्रामसेवकाच्या हुद्द्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी ते भाऊसाहेबच.

आमच्या गावच्या ओढ्याकाठी पंचायतीच्या दोन चिंचा होत्या. माझ्या लहानपणी माघ उजाडला की दवंडी पिटली जाई आणि पारावर चिंचांचा लिलाव होई. रक्कम फार नसे. पण सारा गाव जमे, चढाओढ लागे, आणि पैसे सर्वांदेखत पावतीबुकात जात. पुढे कोणीतरी सुचवले, दरवर्षी हा गोंधळ कशाला? मागच्याच माणसाला देऊन टाका. झाले! लिलाव बंद पडला. काही वर्षांनी झाडांभोवती कुंपण आले, आणि आणखी काही वर्षांनी त्या माणसाचा मुलगा म्हणू लागला, "ही झाडे आमच्या आजोबांची." आम्ही चार जण दप्तर पाहायला गेलो, तर चिंचांची नोंदच कोठे नव्हती.

आता कायद्याचे दोन शब्द. आपल्या पंचायतींचा कायदा 1958 चा. हिशेबाच्या नियमांनी प्रत्येक पंचायतीला नोंदवह्या ठेवाव्या लागतात. इमारतींची नोंद नमुना 22 मध्ये, रस्त्यांची 23 मध्ये, जमिनीची 24 मध्ये, आणि झाडांची नमुना 33 मध्ये. ही काही गुप्त कागदपत्रे नव्हेत. 2005 च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने कोणीही नागरिक ती मागू शकतो. गुरुजी, तुम्ही वर्गात नागरिकशास्त्र शिकवता ना? एखाद्या शनिवारी या वह्यांच्या नकला घेऊन मुलांना गावात हिंडवा. वहीतली विहीर जागेवर आहे का, आणि जागेवरची विहीर वहीत आहे का, हे मुले तासाभरात सांगतील.

पंचायत आपली मिळकत भाड्याने देऊ शकते, विकूही शकते. पण स्थावर मिळकत विकायची तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची मंजुरी आधी घ्यावी लागते. सरपंचाने सही केली, शिक्का मारला, म्हणजे विक्री झाली असे नाही. ही अट पुष्कळांना जाचक वाटते. मला वाटत नाही. पंचायत निवडली जाते पाच वर्षांसाठी, आणि विकलेली जागा जाते कायमची.

भाड्याच्या गाळ्यांची गोष्ट निराळी. तेथे विकण्यावाचूनच मिळकत हातची जाते. समजा, बाजारतळावरचा गाळा महिना तीनशे रुपयांनी दिला. करारात मुदत नीट लिहिली नाही, भाडेवाढ तर मुळीच नाही. दहा वर्षांनी तोच भाडेकरू तो गाळा दुसऱ्याला तीन हजारांनी देतो, आणि पंचायतीला तीनशेच देतो, तेही मागाहून! मालक कोण, हे तुम्हीच ठरवा.

सर्वांत मोठा घोटाळा गायरानाचा. ही जमीन बहुधा सरकारची असते. पंचायत तिची राखणदार. तेव्हा कोणी स्टँप-कागदावर गायरानातला प्लॉट देऊ लागला, तर पैसे खिशातच ठेवा. पंजाबात पतियाळा जिल्ह्यात एका गावच्या तळ्याच्या जागेवर भर घालून घरे बांधली गेली. तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 28 जानेवारी 2011 रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले, की गावच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणे काढण्याची योजना करा. पुष्कळ वर्षांचा ताबा किंवा मोठा बांधकामखर्च ही सबब चालणार नाही. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जागा, तसेच शाळा-दवाखान्यांच्या जागा, यांना मात्र अपवादाची वाट ठेवली. तो भेद मला महत्त्वाचा वाटतो. छप्पर नाही म्हणून कोपऱ्यात झोपडी घालणारा आणि वाडा असून वर दोन एकर वळवणारा, हे एका तराजूत तोलण्यासारखे नव्हेत. पण हातोडा निघाला की तो आधी झोपडीकडेच वळतो, हेही आपण पाहतोच.

आणि राखणदारानेच कुंपण ओलांडले तर? सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा पंचायतीचा सदस्य राहू शकत नाही, अशी तरतूद 2006 साली कायद्यात आली.

आमच्या चिंचांचे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. मोजणी झाली. झाडे पंचायतीच्याच हद्दीत निघाली आणि वहीत चढली. त्यांतली एक मात्र मोजणीच्या आदल्या वर्षी, वादळात पडली म्हणून, तोडून नेलेली होती. उरलीचा लिलाव या माघात आहे. दवंडी द्यायची की फळ्यावर नोटीस लावायची, यावर मागच्या ग्रामसभेत अर्धा तास वाद झाला. मी दवंडीच्या बाजूने हात वर केला.