पट्टी न टिकणाऱ्या जागची घोड्याची जखम



मी सस्यविद्येचा म्हणजे पिकांचा अध्यापक. घोड्याच्या जखमेवर मी का बोलतो, असे आपल्याला वाटेल. गतवर्षी रब्बीच्या काढणीनंतर आमच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. त्या धनगर कुटुंबाची घोडी काटेरी तारेत शिरली आणि तिची छाती वीतभर फाटली. भांडी, कोकरे, कोंबड्या, लहान मूल असे सारे बिऱ्हाड तिच्याच पाठीवर चालायचे. घोडी बसली म्हणजे वाडा बसला.

आम्ही सर्वांनी मिळून तिच्या छातीभोवती फेटा आवळला. रात्री तो घसरून पुढच्या पायांत आला. घोडी अडखळून पडली आणि जखम अधिकच उघडली. पायावर पट्टी गुंडाळता येते. छाती, खांदा, पुठ्ठा अशा जागी गुंडाळलेले कापड टिकत नाही. मग करावे काय?

प्रथम एकाने तोंडाजवळ दावे धरावे. दुसऱ्याने खांद्याच्या बाजूने उभे राहावे, थेट समोर किंवा मागे राहू नये. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाची घडी १० ते १५ मिनिटे दाबून धरावी, सारखी उचलून पाहू नये. नंतर १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड चहाचा चमचा मीठ विरघळवून त्याने जखम धुवावी. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे असल्यास ते फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करावे. फिनेल, रॉकेल, चुना, राख जखमेत घालू नये. त्याने चांगले मांसही जळते किंवा घाण आत राहते.

पशुवैद्यकांना त्याच दिवशी बोलवावे. टाके घालायचे असल्यास ते पहिल्या ६ ते ८ तासांत घातलेले बरे.

आमच्याकडे आलेल्या डॉक्टरांनी जागा बधिर केली आणि जखमेच्या कडेपासून दोन बोटे दूर, दोन्ही बाजूंना जाड दोऱ्याचे सैल फासे कातडीत घातले. जखमेवर गॉजची जाड घडी ठेवली आणि बाजेच्या पायथ्याची दोरी ओवतात तशी नाडी या फाशांतून आडवी ओवून बांधली. घोडी चालली, बसली, तरी घडी हलली नाही. घडी बदलताना फक्त नाडी सोडायची, फासे तसेच राहतात. फासे डॉक्टरांनीच घालावेत. नाडी बांधणे मात्र त्यांच्याकडून शिकून घ्यावे.

नाडी फार आवळू नये, तिच्याखाली बोट शिरले पाहिजे. सुरुवातीला घडी रोज बदलावी, पाझर कमी झाल्यावर २-३ दिवसांनी. घडी भिजली किंवा मळली, तर वाट न पाहता बदलावी. जखमेला सुटा कापूस लावू नये, त्याचे तंतू चिकटतात. माश्यांसाठी लीद रोज दूर टाकावी. जखम पूर्ण भरेपर्यंत खोगीर, तंग किंवा ओझे घालू नये.

धनुर्वाताचे जंतू मातीत व लिदीत असतात आणि घोड्याला हा रोग फार लवकर होतो. म्हणून जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना अवश्य विचारावे. अंग ताठणे, जबडा न उघडणे, डोळ्यावर आतला पडदा येणे ही त्याची लक्षणे होत.

सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर चिकट पाणी येणे, जनावर लंगडणे, जखमेभोवतीची कातडी फुगून दाबल्यावर करकरणे, दुर्गंधी किंवा अळ्या दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरी उपचार करत बसू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करावा.

त्या घोडीची जखम भरायला सहा आठवडे लागले. तोवर कुटुंबाने बिऱ्हाड डोक्यावर वाहिले, पण तिच्यावर खोगीर चढवले नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वाडा गावाकडे परतला, तेव्हा पुढे तीच होती.

आपल्या दावणीला घोडा नसेल, पण शेतात मेंढ्या बसतात तेव्हा ही माहिती त्या पाहुण्यांना जरूर सांगा.