आमरीचे पान काय सांगते?



आज मी आपणांशी घरात कुंडीत वाढविल्या जाणाऱ्या ऑर्किडच्या पानांविषयी चार शब्द बोलणार आहे. आपल्या भाषेत या कुलास आमरी असे सुटसुटीत नाव आहे; तेच मी वापरीन. आमरीचे कौतुक होते ते तिच्या फुलासाठी. परंतु फूल वर्षातून एखाददुसऱ्या वेळी यावयाचे. उरलेल्या दिवसांत आपली गाठ तिच्या पानांशीच असते. हे पान कधी सुरकुतते, कधी चुण्या पडून बाहेर येते, तर कधी भलत्याच जागेतून डोके वर काढते. मग झाड पाळणारा घाबरतो आणि काहीतरी उपाय करून मोकळा होतो. मीही असाच घाबरलो होतो, आणि त्या भरात एक चांगले झाड मारून बसलो. त्यातून जे शिकलो ते सांगावे, एवढाच आजचा हेतू. मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे. हयातभर खडू आणि फळा सांभाळलेला एक शाळामास्तर आहे.

आमचे घर नागापुरास, अहिल्यानगरच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूस. हा प्रदेश पर्जन्यछायेतला. चैत्र-वैशाखात येथला वारा अंग भाजून काढतो. मी सेवानिवृत्त झालो त्या महिन्यात मुलीने पुण्याहून एक कुंडी आणून दिली. तीत फॅलेनॉप्सिस वंशाची आमरी होती. फुलांचा आकार पतंगासारखा म्हणून ब्ल्यूम या शास्त्रज्ञाने १८२५ साली या वंशास हे नाव दिले. त्याच्या बहुतेक जाती आग्नेय आशियातील दमट अरण्यांत झाडांच्या खोडांवर वाढतात. असा हा पाहुणा आमच्या कोरड्या गावी आला.

फुले गळाली आणि दोन-तीन महिन्यांत पाने मलूल होऊ लागली. त्यांवर सुरकुत्या पडल्या. पान सुकले म्हणजे झाड तहानले, हा माझा हिशेब. मी रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतू लागलो. पाने अधिकच लोंबू लागली, तशी संध्याकाळीही एक फेरी सुरू केली. आमच्या घरातून एकदा शब्द आला, "अहो, किती पाणी घालाल त्याला? जरा बघा तरी आत काय झालंय ते." मी ऐकले नाही. मुलीने दूरध्वनीवर विचारले, "नाना, झाड कसं आहे?" मी म्हणालो, "उत्तम आहे." चाळीस वर्षे मुलांना खरे बोलावे म्हणून शिकविले, आणि एका झाडापायी मुलीशी खोटे बोललो. पंधरवड्याने झाड उपटून पाहिले तो आत एक मूळ धड नव्हते. सारी तपकिरी, पोकळ. चिमटीत धरली की वरचे साल निघून हातात नुसता दोरा यावा.

श्रोतेहो, येथेच पहिला धडा आहे. आमरीचे मूळ तुळशीच्या किंवा गुलाबाच्या मुळासारखे नसते. त्याच्यावर स्पंजासारखे एक पांढरे आवरण असते. शास्त्रज्ञ त्यास वेलामेन म्हणतात. पाऊस आला की ते क्षणात पाणी शोषते, आणि नंतर वाऱ्यावर सुकते. मूळ सुके असता रुपेरी दिसते, भिजले की हिरवे होते. अष्टौप्रहर ओलीत ठेवले तर त्यास हवा मिळत नाही आणि ते कुजते. मूळ कुजले की पाण्यात बुडूनही झाड तहानलेलेच राहते. म्हणजे तहानेने सुरकुतलेले पान आणि अतिपाण्याने सुरकुतलेले पान दिसावयास अगदी सारखे! निर्णय पानावरून होत नाही. तो कुंडीत बोट घालून मुळावरून करावा लागतो. मूळ टणक असेल तर पाणी द्यावे. मऊ आणि तपकिरी असेल तर झाड काढून, कुजका भाग छाटून, ताज्या सालीच्या तुकड्यांत आणि कोळशात पुन्हा लावावे.

आता दुसरी गोष्ट. विचित्र पान दिसले की मी तीन प्रश्न क्रमाने विचारतो. हा स्वभाव आहे काय? ही परिस्थिती आहे काय? की ही व्याधी आहे?

पहिला प्रश्न स्वभावाचा. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस, अकोले तालुक्यात, भंडारदरा-घाटघरकडे गेलात तर निराळेच जग लागते. तेथे धो धो पाऊस पडतो. अशा सह्याद्रीच्या रानांत झाडांच्या फांद्यांवर सीतेची वेणी नावाची आमरी वाढते. लोक तिला बांडगूळ समजतात, पण ते बरोबर नव्हे. ती झाडावर बसते, झाडाचा रस पीत नाही. तिच्या पानाचे टोक असे असते की जणू एखाद्या किड्याने कुरतडले आहे. आपल्या सपाटीवर आंब्याच्या झाडावर दिसणाऱ्या वांदा या आमरीचेही टोक तसेच. नवखा माणूस पाहताक्षणी कीडनाशक शोधू लागेल. वास्तविक तो त्या पानाचा जन्मजात आकार आहे. तसेच डेन्ड्रोबियमच्या काही सह्याद्रीतील जाती कोरड्या दिवसांत सगळी पाने टाकून देतात आणि उघड्या काड्यांवरच फुलतात. ते मरण नव्हे. तो त्यांचा ऋतुधर्म होय. म्हणून झाड घेतेवेळी त्याची जात विचारून घ्यावी आणि कुंडीवर लिहून ठेवावी.

दुसरा प्रश्न परिस्थितीचा. यात प्रकाश प्रमुख. पाने काळपट हिरवी, लांबट आणि लोंबती होऊ लागली तर उजेड अपुरा आहे. ती पिवळसर होऊन त्यांच्या कडा तांबूस झाल्या तर उजेड अधिक आहे. एखाद्या जागी पांढरा चट्टा पडून तो पुढे वाळला तर ऊन लागले आहे. सगळी पाने एकाच बाजूस कलली असतील तर खिडकी त्या बाजूस आहे, दुसरे काही नाही. ऑन्सीडियमसारख्या आमरीचे नवे पान कधी कधी बाजाच्या भात्याप्रमाणे चुण्या पडून बाहेर येते. पान वाढत असताना पाणी किंवा हवेतील ओलावा कमी पडला, ते आतच अडकले, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे उन्हाळ्यात हे हमखास घडते. पान कोंभात असताना त्यास नख लागले, तर ती बारीक जखम पानाबरोबर वाढते आणि पुढे मोठे व्यंग दिसते.

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. एकदा पडलेली चुणी पुढे कधीही सरळ होत नाही. जुने पान म्हणजे गेल्या हंगामाचे प्रगतिपुस्तक. त्यातले गुण आता बदलावयाचे नाहीत. आपला उपाय लागू पडला की नाही हे पाहावयाचे तर पुढचे नवे पान पाहावे. ते सरळ आणि रुंद आले की समजावे, गाडी रुळावर आली.

तिसरा प्रश्न व्याधीचा. पानांवर फिक्या रेघा, ठिपक्यांची नक्षी किंवा खोलगट डाग उमटू लागले आणि नव्या पानांतही तेच दिसले, तर विषाणूचा संशय घ्यावा. सिम्बिडियम मोझॅक या नावाचा एक विषाणू जगभर आमरींना छळतो. त्यावर औषध नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी खात्रीही होत नाही. ती प्रयोगशाळेतच होते. असे झाड वेगळे ठेवावे. एका झाडाचे पाते दुसऱ्यास लावण्यापूर्वी ते ज्योतीवर तापवून घ्यावे, कारण हा रोग पसरतो तो बहुधा आपल्याच हाताने.

आता शेवटची हकीकत सांगतो. दिवाळीला मुलगी आली तेव्हा तिला रिकामी कुंडी दिसली. ती काही बोलली नाही. पुढच्या खेपेस दुसरे झाड घेऊन आली. ते मी जपले. तथापि एका आषाढात कुंडी पन्हाळीखाली राहिली, पाणी पानांच्या मधोमध खोबणीत साचले आणि शेंडा कुजला. मधले कोवळे पान ओढताच हातात आले. फॅलेनॉप्सिसचे खोड एकाच शेंड्याने वाढते. शेंडा गेला म्हणजे त्या जागेतून पुन्हा पान नाही. राहिलेली तीन पाने तेवढी हिरवी होती. दोन-अडीच महिन्यांनी खालच्या पानाच्या बगलेत एक हिरवी गाठ दिसली. तिच्यातून एक बोटभर, तिरपे, ओळीत न बसणारे पान निघाले. शेंडा कुजला तसा हाही रोगच, असे वाटून मी पाते तापविले. आणि त्याच क्षणी पहिल्या झाडाची आठवण होऊन हात थांबला. म्हटले, आधी तीन प्रश्न विचारू.

ती व्याधी नव्हती. आमरीच्या खोडावर पानांच्या बगलेत निजलेले डोळे असतात. शेंडा गेला की त्यांतला एखादा जागा होतो आणि पिलू फुटते. फुलाच्या दांड्यावरही कधी असेच पिलू येते. हवाई बेटांच्या भाषेतील कीकी, म्हणजे मूल, हा शब्द त्यासाठी जगभर रूढ आहे. दांड्यावरचे पिलू त्यास दोन-तीन इंचांची स्वतःची मुळे सुटल्यावाचून तोडू नये. बुंध्यालगतचे तर तोडूच नये. आईची पाने आपोआप झडतात आणि जागा त्याची होते.

आज त्या पिलास चार पाने आहेत आणि त्याची दोन रुपेरी मुळे कुंडीच्या काठावरून बाहेर डोकावतात. फूल अद्याप आलेले नाही. परवा मुलीने विचारले, "नाना, झाड कसं आहे?" मी तिला सगळे सांगितले, पहिल्या झाडाला मी कसे मारले तेही सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं."

तेव्हा श्रोतेहो, आपल्या घरच्या आमरीला उद्या एखादे विचित्र पान आले तर पाण्याचा तांब्या आणि पाते ही दोन्ही जरा बाजूस ठेवा. आधी मूळ पाहा, मग उजेड पाहा, आणि नव्या पानाची वाट पाहा.